आत आणलेलं पाऊल

सगळं सुरू झालं ते मनीला भाषण करता येत नव्हतं म्हणून.

काम तसं साधंच होतं. मास्तर जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि रेडिओवर त्यांच्या आठवणींचा कार्यक्रम करायचं ठरलं होतं. दिग्दर्शकानं मनीला दुपारच्या चहाला गाठलं आणि म्हणाला, "तू त्यांची पट्टशिष्या. चार शब्द तू बोलायलाच हवेस." मनीनं कप खाली ठेवला. आता गंमत बघा, या बाईनं अख्खी हयात रेडिओत काढली, पण तिच्या तोंडचा एक शब्द कधी कुणी रेडिओवर ऐकला नव्हता. ती आवाज करणारी. रेडिओच्या नाटकात दार करकरतं, जिन्यावरून कुणी धावतं, वाळक्या पानांतून कुणी दबकत येतं, ते सगळं करणारं एक माणूस असतं. नट मायक्रोफोनपुढे उभे राहून बोलतात, आणि त्यांचे पाय मात्र कोपऱ्यात दुसरंच कुणी चालत असतं. ते पाय म्हणजे मनी. राजाही तीच, राजाचा खुनीही तीच, आणि खुनानंतर पळणारा घोडाही तीच.

हे काम तिला मास्तरांनी दिलं. दिलं म्हणजे काय, भांडून दिलं. पोरवयात ती तिथं टायपिंगच्या नोकरीसाठी आली होती आणि सपशेल नापास झाली होती. घरी जाऊन काय सांगायचं या विचारात रस्ता चुकली आणि भलतंच दार ढकलून थेट स्टुडिओत शिरली. आत नाटक चाललेलं. मास्तर वाळूच्या परातीत उभे राहून कुणा वाटसरूची पावलं चालत होते. नाटक संपल्यावर वळून बघतात तर मागं ही उभी. सगळ्यांना वाटलं, आता पोरीची धडगत नाही. मास्तर मोठे तिखट होते.

"कधी आलीस?"

"मघाशीच."

"मला ऐकू आली नाहीस." पलीकडच्या खोलीत मुंगी चालली तरी ओळखेन म्हणणारा माणूस तो, बराच वेळ तिच्या पायांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "जिला आपलं पाऊल लपवता येतं तिला दुसऱ्याचं पायात घालता येईल. उद्यापासून ये, मने."

वरच्या साहेबांनी नाक मुरडलं. ना शिक्षण, ना ओळख, ना वशिला. मास्तर म्हणाले, ही नको असेल तर मीही नको. त्या दिवसापासून तिचं नाव मनी पडलं आणि घरात चूल पेटू लागली. माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी हे उपकार फिटणार नाहीत, असं ती सगळ्यांना सांगायची. फक्त मास्तरांना कधी सांगू शकली नाही, कारण ते सांगूच द्यायचे नाहीत. ती तोंड उघडायला गेली की खुर्चीच्या हातावर बोटांची हाडं दोनदा वाजवायचे, टक टक. ती त्यांची खूण होती. म्हणजे बडबड बंद, चालायला लाग. "तोंडानं आभार कुणीही मानतं," म्हणायचे. "तू चालून दाखव."

आणि मग एका संध्याकाळी मास्तर काम आटपून घरी निघाले ते घरी पोचलेच नाहीत. वाटेतच, भर रस्त्यात, छातीत कळ आली आणि संपलं. आभार तसेच राहून गेले. त्या दिवशी पायात होते ते त्यांचे बूट काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, मनीला आणून दिले. "मी ठेवून काय करू? तुझ्या हातात राहू देत," म्हणाल्या. मनीनं ते स्टुडिओच्या फळीवर ठेवले, पण पायात घालायचा धीर झाला नव्हता.

तर दिग्दर्शक म्हणाला, चार शब्द बोल. मनी रात्रभर कागदावर काय काय लिहीत बसली आणि सकाळी ते सगळं फाडून आली. "मला बोलायला जमणार नाही," ती म्हणाली. "मी चालून दाखवते."

आता स्टुडिओतल्या एका दाराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खोलीच्या मधोमध एक दार उभं असतं. नुसती चौकट आणि दार, अलीकडं जमीन, पलीकडंही तीच जमीन. नाटकात कुणी आत आलं, बाहेर गेलं, की ते दार वाजवायचं. आणि मास्तरांचा एक दंडक होता. या दारातून ज्याला पावलं वाजवत आत आणलं, त्याला परत बाहेर सोडल्याशिवाय घरी जायचं नाही. नाटकात तो माणूस खुर्चीत बसलेला असताना शेवट होवो की खाटेवर मरो, रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला, नट पांगले, की मास्तर त्याला उठवायचे, त्याच्याच पावलांनी दारापर्यंत न्यायचे, बाहेर काढायचे आणि कडी लावायचे. पोरंटोरं नट टिंगल करायचे. "काय मास्तर, खुनी गेला का घरी?" मास्तर मान वर न करता म्हणायचे, "गेला. तुझ्याच गल्लीत राहतो म्हणाला." मनीनं एकदा खोदून विचारलं तेव्हा मात्र गंभीर झाले. "अगं, उसनी आणलेली पावलं ती. त्यांची कुणी कुठं वाट बघत असेल." आणखी एक होतं. दुसऱ्याच्या पावलांत असताना आपल्या तोंडानं बोलायचं नाही. एवढं मनीनं आयुष्यभर पाळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिनं फळीवरचे बूट काढले. ते तिला मोठे होते, पुढं चिंध्या कोंबल्या. मास्तरांचा उजवा पाय जरासा ओढत चालायचा, फार पूर्वी कधीतरी शिडीवरून पडले होते. डावा ठाम, उजवा घसटत. दाराशी थांबून एक दम घ्यायचा. मग आत येऊन वेताच्या खुर्चीत बसायचं, खुर्ची आधी कुरकुरायची आणि मग दमल्यासारखी गप्प व्हायची. शेवटी टक टक. बस्स, एवढंच. रोज सकाळी मास्तर कामावर यायचे ते असे.

लाल दिवा लागला आणि मनी चालली.

काय चालली म्हणून सांगू. काचेपलीकडं यंत्रावर बसणारा होता, त्याला सगळे कानसेन म्हणायचे, त्याचा हात यंत्रावरच थांबला. दिग्दर्शक भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. दार उघडलं, मास्तर आत आले, बसले, आणि खुर्चीच्या हातावर टक टक झालं. दिग्दर्शकानं खूण केली, पुरे, इथंच थांबू दे. नंतर डोळे पुसत म्हणाला, "बसलेलेच राहू देत. बसलेत म्हणजे आहेत असं वाटतं."

सगळे येऊन तिला भेटले, पाठीवर थोपटून गेले. खोली रिकामी झाली. आता मनीनं काय करायचं होतं? मास्तरांना उठवायचं, दारापर्यंत न्यायचं, बाहेर सोडायचं आणि कडी लावायची. हजारो माणसं तिनं अशी बाहेर सोडली होती. ती खुर्चीपाशी उभी राहिली, आणि तिचा पाय निघेना. ज्या माणसानं आपल्याला हाताला धरून आत आणलं त्याला आपण दाराबाहेर काढायचं? वर्षभरानं आलेत बिचारे. तिनं बूट पायांतून काढले. "आजचा दिवस बसा, मास्तर," ती म्हणाली. बूट फळीवर ठेवले, दिवे मालवले आणि बाहेरचं जाड दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेननं तिला काचेपलीकडून हाक मारली. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी तो रिकाम्या खोलीची शांतता टिपून ठेवायचा. दर खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, आणि आवाज जोडताना ती मध्ये भरावी लागते. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, आत कोण बसलंय?"

"कुणी नाही. दिसतंय की तुला."

"मग हे ऐका."

मनीनं हेडफोन कानांना लावला. आधी काही नाही. मग खोल, लांब आत घेतलेला श्वास. थोडं थांबून तो बाहेर सुटला, आणि सुटताना शेवटी नाकात बारीक शीळ वाजली. मग वेत कुरकुरला, बसल्या जागी कुणी कूस बदलावी तसा. पुन्हा श्वास...

"मी तारा बदलल्या," कानसेन हळू आवाजात म्हणाला. "यंत्रही दुसरं लावून बघितलं."

नाकातली ती शीळ मनीच्या ओळखीची होती. आता खोटं कशाला सांगू, तिला भीती वाटली नाही. तिला आनंद झाला. पोरकं लेकरू घरी यावं आणि आई ओट्याशी उभी दिसावी, तसं काहीतरी झालं तिला. "राहू दे," ती म्हणाली. "जुनी खोली आहे, आवाज करते." कानसेननं तिच्याकडं बघितलं आणि तो विषय तिथंच सोडला, पण त्या दिवसापासून त्यानं काचेच्या आत पाऊल ठेवणं बंद केलं.

मनी मात्र लवकर यायला लागली आणि सगळ्यांच्या शेवटी जायला लागली. खुर्चीजवळ गेलं की मास्तर चघळायचे त्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास यायचा. तिचं काम तर असं व्हायला लागलं की नट बोलायचे थांबून बघत राहायचे. एखादं पाऊल चुकलं की खुर्चीकडून टक टक व्हायचं. ते फक्त तिलाच ऐकू यायचं. एकदा एक नवखा नट भाकरी-तुकडा खायला म्हणून सहज त्या खुर्चीत टेकला आणि लगेच उठला. "कुणी बसलं होतं का इथं? गरम आहे," म्हणाला. मनीनं त्याला दुसरी खुर्ची दिली आणि मनातल्या मनात हसली.

पण हळूहळू तिच्याही ध्यानात यायला लागलं की तो श्वास बदलतोय. जड व्हायला लागला होता. सुट्टीची घंटा झाली तरी ज्याला जाऊ देत नाहीत अशा माणसाचा असतो तसा. गोळ्यांच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, रस्त्यावरच्या तापलेल्या धुळीचा. संध्याकाळ झाली, खिडकीबाहेर माणसं घरी निघाली, की खुर्ची सारखी कुरकुरायची. उठू बघणारा माणूस उठायला धजत नाही, तशी. मनीला ते ऐकू येत होतं, पण तिनं कानाआड केलं. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो, कान कितीही तयार असले तरी.

मग काकूंचा फोन आला.

"कार्यक्रम ऐकला गं," काकू म्हणाल्या. "हुबेहूब हे. मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर आले बघ." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मने, तुला एक विचारू? वेडी म्हणशील मला."

"विचारा ना, काकू."

"हे गेल्यापासून रोज संध्याकाळी घरी यायचे गं. मी कुणाला सांगितलं नाही. लोक काय म्हणतील... जिन्यावर पावलं वाजायची, दार मी लोटूनच ठेवायची. आत यायचे, खुर्चीत बसायचे. मी ओट्याशी पाठमोरी असायची. वळून बघायची नाही. बघितलं तर कुणी नसणार, हे काय मला कळत नाही? म्हणून बघायचंच नाही. नुसतं म्हणायचं, आलात? आणि दोन कप टाकायचे. तेवढ्यावर दिवस जायचा माझा."

मनीच्या हातातला फोन गार पडल्यासारखा झाला.

"तुझा कार्यक्रम झाला ना, त्या दिवसापासून येणं बंद झालं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, गेले असतील पुढं. चांगलंच की. पण मन मानत नाही गं. रोज दार लोटून ठेवते. अंधार पडेपर्यंत उभीच असते. तुला काही... तुला काही ठाऊक नाही ना?"

"नाही, काकू," मनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

उपकार फेडायला निघालेली ही बाई, आणि केलं काय, तर एका म्हातारीचा नवरा दुसऱ्यांदा हिरावून आणला. तोही कुठं ठेवला, तर कामाच्या ठिकाणी. जिवंतपणी बिचाऱ्यानं अर्धं आयुष्य याच खुर्चीत काढलं, काकू वाट बघत राहिल्या. मेल्यावर तरी वेळेवर घरी जात होता, तर हिनं वाटेतून वळवून आणला आणि वर दार लावून घेतलं. मनी स्वतःवर इतकी चिडली की तिला रडूही येईना.

ती स्टुडिओत गेली. सगळे घरी गेले होते, खिडकीतून तिरपं ऊन आत येत होतं. तिनं एक स्टूल ओढलं आणि खुर्चीसमोर बसली.

"मास्तर," ती म्हणाली. "माझी चूक झाली. मला तुम्ही हवे होतात." वास दाटून आला. "मी तुम्हाला सोडून येते. पण त्याआधी एकदा बोलू द्या. तुम्ही नसतात तर माझं..."

टक टक.

आज पहिल्यांदा ती त्या आवाजानं दचकली. आवाज तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर झाला होता, आणि वेताच्या हातावरची धूळ तिथं दोन ठिकाणी पुसली गेली होती. मनीनं मान खाली घातली. आभार याही वेळी घशातच राहिले.

तिनं बूट चढवले आणि खुर्चीत मास्तरांच्या जागी बसली. बसताना तिच्या अंगावरून थंड पाण्याचा तांब्या ओतल्यासारखं झालं. मग ती उठली, खुर्ची आधी कुरकुरली आणि मग दमल्यासारखी गप्प झाली. डावा ठाम, उजवा घसटत. मधल्या दारातून बाहेर, मागं कडी. पण ती तिथं थांबली नाही. या माणसाला नुसतं दाराबाहेर सोडून भागणार नव्हतं. याला घरी पोचवायचं होतं.

लांब बोळातून जाताना तिला ते पहिल्यांदा जाणवलं. ती पाय ओढत होती, आणि ओढल्याचा आवाज किंचित मागून येत होता. तिचं पाऊल पडून गेल्यावर. ती थांबली. मागं एक घसट झाली आणि थांबली. वळून बघायची तिची छाती झाली नाही, आणि काकू का बघत नसत तेही तिला तिथं कळलं. ती तशीच चालत राहिली.

रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती. पुरुषाचे बूट घालून लंगडत चाललेली बाई, लोक बघणारच. एका दुकानदारानं विचारलं, "काय ताई, पाय मुरगळला का?" मनी बोलली नाही. मास्तरांच्या पावलांत होती ती, बोलायचं नव्हतं. एका वळणावर, औषधाच्या दुकानासमोर, मागची पावलं एकदम थांबली. मास्तर पडले होते ती जागा ती. धुळीचा तो तापलेला वास तिच्या नाकातोंडात गेला आणि तिच्या स्वतःच्या छातीत अशी कळ आली की तिनं विजेचा खांब धरला. श्वास आत जाईना. त्या संध्याकाळी हा माणूस इथून पुढं गेलाच नव्हता, मेल्यावर रोज ही जागा कशी ओलांडत असेल, कोण जाणे. तिचे डोळे वाहायला लागले. तिनं दात आवळले, उजवा पाय उचलला आणि ओढत पुढं टाकला. जरा वेळानं मागून घसट ऐकू आली.

काकूंच्या जिन्यात समोरची शेजारीण दार अर्धं उघडं टाकून बसलेली असायची. येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेतल्याशिवाय तिचं अन्न पचत नसे. "अगंबाई, मनीताई ना? हे काय, बूट कुणाचे?" तिनं विचारलं. मनी मान खाली घालून पुढं गेली. काकूंचं दार लोटलेलं होतं.

दाराशी थांबून एक दम. मग आत. ओट्याशी काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, खांदे पार खाली आलेले. पावलं ऐकली आणि त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली. मनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

"आलात?" काकू म्हणाल्या. आवाज फुटत होता. "फार उशीर केलात हो या वेळी."

त्यांनी फळीवरून दोन कप काढले. मनीनं श्वास न घेता बूट पायांतून काढले, खुर्चीशी जोडून ठेवले आणि अनवाणी उठली. ती उठली, पण खुर्ची कुरकुरली नाही. अजून कुणीतरी बसल्यासारखी ती तशीच दबून राहिली.

दाराबाहेर पाऊल टाकताना तिला मागून काकू बोलताना ऐकू आल्या, साखर कमी टाकलीय, डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना. आणि मग, अगदी हळू, नाकातली ती बारीक शीळ.

दुसऱ्या दिवशी कानसेननं खोलीची शांतता टिपली आणि कितीतरी दिवसांनी काचेच्या आत आला. खोली रिकामी होती. मनीनंही ऐकलं. पुसलेल्या पाटीसारखी शांतता. ती फळीआड गेली आणि पोटभर रडली, कारण मास्तर तिच्यापुरते खरे त्या दिवशी गेले.

पण काकू सुखात होत्या. फोनवर आवाज कसा खणखणीत यायचा. "आता जातच नाहीत गं कुठं," हळूच सांगायच्या. "दिवसभर घरातच असतात. इतकी वर्षं मागितलं ते आता मिळालं बघ." मनी म्हणायची, बरं झालं काकू. मनात मात्र कुठंतरी टोचायचं. घरातही तिनं त्यांना आतच आणलं होतं आणि मुकाट्यानं निघून आली होती. पण काकूंकडून त्यांना बाहेर काढायचं म्हणजे... ते तिच्यानं होणं शक्य नव्हतं. पुन्हा तेच पाप करायला ती काय वेडी होती? दिवस गेले, ऋतू पालटला.

एका सकाळी शेजारणीचा निरोप आला की काकू गेल्या. झोपेतच.

मनी धावत गेली. काकू पलंगावर होत्या, केस नीट विंचरलेले, घडी न मोडलेली साडी अंगावर, चेहऱ्यावर कसलीही तक्रार नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची होती. मनी तिच्यापाशी बराच वेळ कान देऊन उभी राहिली. श्वास नव्हता, वास नव्हता. साधी खुर्ची होती ती. मास्तरही गेले होते. दोघं मिळूनच गेली असणार, असं तिच्या मनात आलं आणि दुःखातसुद्धा तिचा जीव भांड्यात पडला. पावलं अखेर कुणाची उसनी राहिली नव्हती.

शेजारीण पाण्याचा पेला घेऊन आली आणि डोळे टिपत तिच्यासमोर बसली. "काल संध्याकाळी किती खुशीत होत्या हो. तुमच्याबरोबर निघाल्या तेव्हा."

"माझ्याबरोबर?"

"मग काय. तुम्ही पुढं, मागच्यासारखेच ते मोठाले बूट घालून, पाय ओढत. काकू मागं, तुमच्या खांद्यावर हात ठेवून. मी विचारलं, काय काकू, नटूनथटून कुठं स्वारी? त्या हसल्या नुसत्या. तुम्ही दार ओढून घेतलंत आणि बाहेरून कडी लावलीत. आज सकाळी तीच कडी काढून मी आत आले, तर ह्या..." ती बोलता बोलता थांबली आणि पलंगाकडं बघायला लागली.

"काल संध्याकाळी मी कामावर होते," मनी म्हणाली. "नाटक होतं काल. कानसेन होता, सगळे होते. मी इथं आलेच नाही."

शेजारणीनं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग पायांकडं बघितलं. पेला तिच्या हातातच राहिला. ती बसल्या जागी थोडी मागं सरकली.

"असं कसं, ताई," ती पुटपुटली. "मी चेहरा बघितला ना तुमचा. तुम्ही रडत होतात... काहीतरी बोलत होतात सारखं, आभार कसले तरी मानत होतात. मी खिडकीतून बघत होते, पार वळणापर्यंत. काकू तर इथंच सापडल्या, आत. पण तुम्ही गेलात त्या... अंधार पडेपर्यंत बसले होते मी तिथं. परत आलेल्या काही तुम्ही मला दिसला नाहीत."